मॉरिशसला जाऊन हॉटेलातच जेवताय? या चुका टाळा

मॉरिशसमध्ये मी चार वर्षं राहिले. ऑफिस एबेनला, घर रोझ हिलला. तेवढ्या काळात पुणे, नाशिक, ठाणे असं कुठून कुठून घरी पाहुणे आले. समुद्र सगळ्यांनाच आवडला. पण विमानतळावर सोडायला गेले की निम्मे लोक म्हणायचे, "जेवणाचं काही विशेष नाही गं तुमच्याकडे." हे ऐकून तेव्हाही वाईट वाटायचं, आजही वाटतं. 1834 पासून इथे हिंदुस्थानातून मजूर आणले गेले. बिहारचे आले, तमिळ आणि तेलुगू आले, मुंबई बंदरातून आपली कोकण-देशावरची माणसंही आली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक त्याआधीपासून होते, चिनी दुकानदार होते, फ्रेंच मळेवाले होते. या सगळ्यांच्या चुली शेजारी शेजारी पेटल्या आणि त्यातून जे शिजलं ते दुसरीकडे कुठे मिळत नाही. पाहुण्यांना ते सापडत नाही, कारण चुका दरवेळी त्याच होतात.

रात्रीचं जेवण पॅकेजमध्ये घेणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच. एजंट सांगतो, "नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलंय, काळजीच नको." घरचे खूश. मग सात रात्री एकाच हॉलमध्ये, एकाच बुफेसमोर ताट घेऊन उभं राहायचं. सोमवारी इटालियन, मंगळवारी "एशियन", गुरुवारी सेगा नाच आणि त्यासोबत क्रिओल, म्हणजे इथल्या मिश्र पद्धतीच्या जेवणाची रात्र. त्या क्रिओल रात्रीच्या करीत मिरची नसते, मोहरी नसते, काहीच नसते, कारण ती सगळ्या देशांच्या पाहुण्यांना चालली पाहिजे. आणि बाहेर जाऊ म्हटलं की एकच उत्तर: "पैसे भरलेत ना!"

माझी मावसबहीण, मेव्हणे आणि दोन मुलं अशीच पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आं फ्लाकला आली होती. पाच रात्री बुफे झाला. सहाव्या दिवशी मुलगा हटून बसला की आज बाहेरच जेवायचं. मी आधीच पोर्ट लुईच्या चायनाटाउनबद्दल भरभरून सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी ऑफिसात महिनाअखेर, मला निघता येईना, म्हणून मी म्हटलं उद्या दुपारी जाऊ. पण भूक लागलेल्या माणसाला उद्या नको असतो. ती चौघं टॅक्सी करून संध्याकाळी साडेसातला निघाली, आठ वाजून गेल्यावर पोहोचली, आणि तिथून बहिणीचा फोन आला: "अगं, इथे चिटपाखरू नाही. सगळी शटरं खाली. टॅक्सीवालाच म्हणतोय, मॅडम, इथे आता कशाला उतरताय?"

पोर्ट लुई राजधानी आहे, पण ती दिवसाची. क्युरपिप, वाक्वा, रोझ हिल इथून माणसं सकाळी कामाला येतात आणि पाच-साडेपाचला परत फिरतात. त्यांच्यासाठीच तिथली खाण्याची ठिकाणं चालतात, त्यामुळे माणसं गेली की चुलीही थंड. शेवटी चौघांनी बंदरावरच्या कोदाँच्या मॉलमध्ये बर्गर खाल्ले आणि दोन्ही बाजूंचं टॅक्सीभाडं भरून परत गेली. हॉटेलातलं जेवण तर आधीच भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि दुपारी बारालाच त्यांना घेऊन गेले. त्याच गल्ल्या, पण आता फूटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. एका जुन्या चिनी खानावळीत "बोल राँवेर्से" मागवलं. मोठ्या वाडग्याच्या तळाशी तळलेलं अंडं, त्यावर सोया सॉसमध्ये परतलेलं चिकन आणि भाज्या, त्यावर दाबून भात. वाढणारी बाई वाडगा ताटलीवर पालथा घालते आणि तुमच्यासमोर उचलते. वाफ वर येते, अंड्याची टोपी घातलेला भाताचा ढीग उभा राहतो आणि रस हळूहळू खाली ओघळतो. रुसलेल्या मुलाने तो सगळा संपवला आणि बहिणीच्या ताटलीतलाही घेतला. मेव्हणे मला एवढंच म्हणाले, "हे पहिल्या दिवशी का नाही खाल्लं आपण?"

म्हणून माझा शिरस्ता: हॉटेल फक्त नाश्त्यासकट घ्यायचं. दिवसाचं मोठं जेवण बारा ते एकच्या दरम्यान, गावात. रात्री हलकं. आपल्याला रात्री नऊला जेवायची सवय असते, पण जुलैत इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर गावं लवकर मिटतात. रात्रीच बाहेर जेवायचं असेल तर उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रां बेला जा आणि सातला बसा. आणि एजंट अडूनच बसला, तर तीन रात्री तरी पॅकेजमधून काढून घ्या.

टूरच्या टॅक्सीत बसलं की जेवणही ड्रायव्हरवर सोपवणं

दक्षिणेची टूर ठरलेली: क्युरपिपचं ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, शामारेलची सप्तरंगी माती. दीड वाजता गाडी एका मोठ्या जेवणघरासमोर थांबते आणि तिथे आधीच चार बस उभ्या असतात. ठरलेली थाळी, ठरलेला दर. ड्रायव्हरचं जेवण बहुतेकदा फुकट असतं, कधी वर काही मिळतंही. यात त्याला वाईट म्हणायचं कारण नाही, ते त्याचं पोट आहे. पण तुम्ही सुट्टीतली एक दुपार का घालवायची?

मी सकाळी गाडीत बसतानाच विचारते, "तुम्ही रविवारी घरच्यांना घेऊन निघालात तर इकडे कुठे जेवता? आज आपण तिथेच जाऊ, तुम्हीही आमच्यासोबत बसा." त्याचं जेवण मी देते. या एका वाक्यावर मला जितकी चांगली ठिकाणं मिळाली तितकी मोबाइलवर तास तास बोटं फिरवून मिळाली नाहीत. शामारेलच्या डोंगरात तर कोणी घरीच चार-पाच टेबलं मांडून जेवायला घालतात, "ताब्ल दोत" म्हणतात त्याला. माडाच्या जातीतल्या एका झाडाच्या कोवळ्या गाभ्याची कोशिंबीर, हरणाची करी (ही हरणं डचांनी 1639 मध्ये जाव्याहून आणलेली), सोबत मसूर आणि पालेभाजी. पण आदल्या दिवशी फोन करावाच लागतो. ऐन वेळी दारात उभं राहाल तर त्यांच्या पातेल्यात तुमच्यासाठी भात नसतो. एक दिवस आधी फोन करण्याचाही ज्यांना कंटाळा येतो त्यांनी मग बसवाल्या जेवणाबद्दल तक्रार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाकाहारी आहोत म्हणून "इंडियन रेस्टॉरंट" शोधत फिरणं

या चुकीवर मी पोटतिडकीने बोलते, कारण इथे आपली माणसं अक्षरशः दारातून उपाशी परत जातात.

माझे काका वारकरी, माळकरी. येताना दशम्या, चिवडा, मेतकूट सगळं घेऊन आले होते. तीन दिवस त्यांनी दशम्या आणि हॉटेलातले बटाट्याचे काप यांवर काढले. एका संध्याकाळी भावाने त्यांना किनाऱ्यावरच्या एका इंडियन रेस्टॉरंटात नेलं. तिथे क्रीममध्ये बुडवलेला पनीर बटर मसाला आणि नान. काका दोन घास खाऊन उठले. मॉरिशसला येऊन नाशिकच्या हायवेवरची भाजी तिप्पट पैशांत खायची, याला काय अर्थ?

चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांना रोझ हिलच्या बाजाराजवळ नेलं. काचेच्या पेटीमागे एक बाई उभी होती, पेटीत ओल्या फडक्याखाली पिवळसर, पातळ पोळ्यांची चळत. ही ढोल पुरी. "एन पेर" म्हणायचं, म्हणजे एक जोडी, कारण ती दोनच्या जोडीनेच विकतात. बाईने दोन पुऱ्या कागदावर पसरल्या, पळीने पांढऱ्या मोठ्या वालांसारख्या दाण्यांची करी लावली, त्यावर टोमॅटोची रुगाय (मसाल्यात शिजवलेला दाट रस्सा), थोडं लोणचं, मग आमच्याकडे बघून "पिमाँ?" म्हणजे मिरची हवी का, असं विचारलं. मी म्हटलं "टिगिट", थोडीशीच. तिने गुंडाळी करून कागद पिळला आणि काकांच्या हातात दिली.

काका तिथेच फूटपाथवर उभे राहिले. आधी कड उलगडून पाहिली, आत दाण्यादाण्याचं पिवळं सारण, शिजवून वाटलेली डाळ, हळद, जिरं. एक घास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, ही तर बिनगुळाची पुरणपोळी!" मग जोडीवर जोडी, अशा तीन झाल्या. त्या बाईला त्यांनी मराठीत नमस्कार केला, तिने हात जोडून क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, काहीतरी म्हटलं, आणि दोघांनाही ते कळलं.

बिहारच्या दाल पुरीची ही इथली पुढची पिढी. शाकाहारी माणसाला या बेटावर रस्त्यावर किती मिळतं पाहा: ढोल पुरी, फराटा (म्हणजे पराठाच), डाळीचे तिखट वडे म्हणजे गातो पिमाँ, सबजा आणि अगर-अगर घातलेलं थंड दूध म्हणजे आलुदा. बाजारात कढीपत्त्याला कारीपुले म्हणतात, कोथिंबिरीला कोतोमिली. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. इतकं आपलं असलेल्या ठिकाणी पनीर शोधत फिरू नका.

मात्र विचारताना नुसतं "व्हेज" म्हणू नका. "सान लाव्यान, सान प्वासों, सान दिझेफ" असं म्हणा: मांस नको, मासा नको, अंडं नको. पहिल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून घ्या. तळलेल्या नूडल्सवर अंडं असतंच आणि रुगायमध्ये कधी खारवलेला मासा असतो, म्हणून हे बोलायलाच हवं. आणि ढोल पुरी सकाळीच खा. चांगल्या गाडीवरची दुपारी दोन-तीनपर्यंत संपते.

बाकीच्या, थोडक्यात

तिथलाही रुपयाच आहे, पण तो आपल्या रुपयाहून जड आहे. मेनूवर आकडा पाहून "स्वस्तच आहे की" म्हणत ऑर्डर देऊ नका. 15 टक्के व्हॅट धरलाय की वेगळा, हेही आधी विचारा.

लॉबस्टर किंवा अख्खा मासा वजनावर विकतात. वजन करून, दर आणि एकूण रक्कम ऐकूनच हो म्हणा. लाज वाटायचं कारण नाही, आपण बाजारात पापलेट घेताना काय करतो?

15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर ऑक्टोपस पकडायला बंदी असते, आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते तसं. त्या काळात ताज्या ऑक्टोपसचा हट्ट धरू नका.

मासा आवडत असेल तर नुसता ग्रिल्ड मागवून परत येऊ नका. विंदाय विचारा. तळलेला मासा मोहरी, हळद, लसूण, कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला, गारच खातात, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. नाव गोव्याच्या विंदालूच्या घराण्यातलं आहे, चव वेगळी आहे.

सूर्यास्त दिसणारं टेबल आणि चांगलं जेवण एकाच जागी क्वचितच मिळतं. सूर्यास्त वाळूवर बसून फुकट बघा, मग जेवायला आत गावात जा.

मोबाइलवर "जवळची ठिकाणं" दाबून पहिलं नाव निवडण्याची घाई मला मुळीच पटत नाही. तिथे तारे देणारे बहुतेक तुमच्यासारखेच कालच उतरलेले पाहुणे असतात. मी दुपारी साडेबाराला ऑफिसच्या कपड्यांतली माणसं कुठे रांगेत उभी आहेत ते बघते आणि त्या रांगेत उभी राहते. पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या.

रविवारी दुपारी गावातलं पुष्कळसं बंद असतं. त्या दिवशी मोंत श्वाझी किंवा बेल मारच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जा. स्थानिक कुटुंबं पातेली घेऊन सुरूच्या झाडांखाली बसलेली असतात आणि त्यांच्यासाठी खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात.

परतीचं विमान सोमवारी दुपारनंतर असेल तर हॉटेलात बॅगा आवरत बसू नका. विमानतळाजवळच माएबुर आहे आणि सोमवारी तिथे मोठा आठवडी बाजार भरतो. बॅगा गाडीत ठेवा, कागदाच्या पुडीत गरम गातो पिमाँ घ्या, पाव मिळाला तर त्यात दाबून खा. गावातच 1870 पासून चालत आलेला कसाव्याच्या बिस्किटांचा जुना कारखाना आहे. घरी न्यायला तिथली दोन पाकिटं पुरतात. काकांनी सहा नेली होती.