बल, संवेग अन् गतिज ऊर्जा: आधी विचारा, किती वेळ की किती अंतर?

नववीच्या विज्ञानात गतीचे नियम एका धड्यात अन् कार्य-ऊर्जा दुसऱ्या धड्यात, त्यामुळे पोट्टे दोन्हीकडची सूत्रं पाठ करून टाकतात पण दोन्ही ठिकाणी बल तेच आहे, फक्त हिशोब दोन वेगळ्या मापांनी चाललाय, हे काही ध्यानात येत नाही. खरं तर गोष्ट दोन ओळींची आहे. बल गुणिले वेळ केलं की संवेगात (वस्तुमान गुणिले वेग) किती बदल झाला ते मिळतं. बल गुणिले अंतर (बलाच्याच दिशेनं कापलेलं) केलं की गतिज ऊर्जेत (वस्तूच्या गतीमुळं तिच्यात असलेल्या ऊर्जेत) किती बदल झाला ते मिळतं. एवढं धरून पुढं चला.

पहिले आकडे सरळ करून घ्या. किलोमीटर प्रति तासाला ३.६ नं भागा म्हणजे मीटर प्रति सेकंद येतात, क्विंटलचे किलो करा, हे केल्याशिवाय गणित सुरूच करू नका, निम्मी गणितं इथंच फसतात.

आता दोन गाड्या घ्या. एक आपली कापसाची ट्रॉली, हिंगणघाटला जिनिंगवर चाललेली, ट्रॅक्टर धरून सगळं वजन ६० क्विंटल म्हणजे ६००० किलो, अन् वेग १८ किमी म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद. दुसरी समृद्धी महामार्गावरची कार, १००० किलो, वेग १०८ किमी म्हणजे ३० मीटर प्रति सेकंद (तिथं कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे ही काही फार उधळलेली नाही).

मग दोघींचा संवेग काढा. वस्तुमान गुणिले वेग. ट्रॉलीचा ६००० × ५ = ३०,०००. कारचा १००० × ३० = तेवढाच, ३०,०००. मुद्दामच असे आकडे घेतलेत.

आता गतिज ऊर्जा. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं अर्धं. ट्रॉली: ६००० × २५ चं अर्धं, ७५,००० ज्यूल. कार: १००० × ९०० चं अर्धं, ४,५०,००० ज्यूल. संवेग सारखा अन् ऊर्जा सहापट!

ब्रेक मारा. समजा दोघींनाही थांबवणारं बल ६००० न्यूटनच आहे. किती वेळात थांबतील असं विचारलं तर संवेगाला बलानं भागा, दोघींना ५ सेकंद. किती अंतरात थांबतील असं विचारलं तर ऊर्जेला बलानं भागा, ट्रॉली १२.५ मीटरवर थांबली अन् कार ७५ मीटर गेली. तेच बल, तेवढाच वेळ, अंतर मात्र सहापट. असं काऊन होतं? कारण त्याच पाच सेकंदांत कार जास्त जमीन कापते, अन् बल जेवढं अंतर लागू राहतं तेवढी ऊर्जा काढून घेतं. वेगात असताना एका सेकंदाचा ब्रेक हळू असतानाच्या एका सेकंदापेक्षा जास्त ऊर्जा खातो, वेगाचा वर्ग येतो तो इथूनच, तो काही कोणी वरून चिकटवलेला नाही.

म्हणून एकाच गाडीचा वेग दुप्पट केला अन् ब्रेक तेवढाच ठेवला तर थांबायला वेळ दुप्पट लागतो पण अंतर चौपट. अन् हे फक्त ब्रेक लागल्यानंतरचं, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर वेगळं. रात्री बिनालाईटची बैलबंडी समोर आली तर वेळेचा हिशोब काही कामाचा नाही बाप्पा, तिथं अंतरच बघावं लागतं.

पटत नसेल तर वावरात करून बघा. काळी माती भिजवून पोळ्याले मातीचे बैल करायला मळतो तशी मळा, बादलीत चांगली खोल भरा. सपाट तोंडाची लोखंडी सळाख घ्या, ती सैल जाईल असा पाईपचा तुकडा उभा धरा, पाय बाजूला ठेवा. सळाख आधी मातीच्या २५ सेंटीमीटर वरून सोडा, मग जागा बदलून १०० सेंटीमीटर वरून. उंची चौपट झाली की मातीवर टेकतानाचा वेग दुप्पटच होतो, साधारण २.२ अन् ४.४ मीटर प्रति सेकंद. आता खोली मोजा. पहिला खड्डा २ सेंटीमीटर असेल तर दुसरा ४ नाही, ८ च्या आसपास यायला पाहिजे. सळाख आत जाताना बाजूनंही घासते म्हणून थोडा कमी येईल. तीन-चार वेळा करून सरासरी घ्या. वेळ मोजायच्या भानगडीत पडू नका, सळाख सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आतच थांबते.

हा प्रयोग काही नवा नाही. जर्मन गणितज्ञ लाइबनिझनं १६८६ मध्ये म्हटलं होतं की गतीचं खरं माप वेगाच्या वर्गानं मोजा, तिकडं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला मानणारे नुसत्या वेगावर अडून बसले होते, लय वर्षं वाद चालला. मग १७२० च्या दशकात हॉलंडच्या ग्राव्हेसांडे नावाच्या शास्त्रज्ञानं मऊ मातीत पितळी गोळे टाकून खड्डे मोजले अन् वर्गाच्या बाजूनं पुरावा दिला, फ्रान्सच्या एमिली द्यू शातलेनं तो पुढं नेला. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, एक वेळेचा हिशोब करत होती अन् एक अंतराचा.

शेवटी दिशा तपासा. संवेगाला दिशा असते, ऊर्जेला नसते. ज्वारीतली पाखरं हाकलायला गोफण फिरवतो तेव्हा दोरी गोट्याला सारखी आत ओढते. फेरा एकाच वेगानं चालू असेल तर गोट्याची दिशा दर क्षणी बदलते म्हणून संवेग बदलतोय, पण गोटा आतल्या दिशेनं सरकत नाही म्हणून गतिज ऊर्जा आहे तेवढीच. अन् चिखलात फसलेल्या ट्रॉलीला चार जणांनी रेटलं पण ती इंचभरही हलली नाही तर तिला ऊर्जा शून्य, अन् संवेगही शून्यच, कारण तुम्ही जेवढं रेटता तेवढंच चिखल उलटं धरून ठेवतो. म्हणून गणितात नेहमी सगळ्या बलांची बेरीज करून उरलेलं बल घ्यायचं, एकट्या धक्क्याचं नाही.