फ्लॅटर, प्रेझ, बिलिटल, डिग्रेड: कौतुक अन् अपमानाचे इंग्रजी शब्द वापरताना या चुका टाळा

मागच्या हप्त्यात आमच्या गावच्या अभ्यासिकेत एका पोरीनं नोकरीचा अर्ज दाखवला, त्यात ओळ होती 'माय टीचर्स फ्लॅटर्ड मी'. तिला म्हणायचं होतं सरांनी माझं कौतुक केलं, अन् अर्थ निघाला की सर मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते. पोरगी हुशार आहे, दिवसभर कापूस वेचून रात्री अभ्यासाला बसते, पण डिक्शनरीत 'स्तुती करणे' एवढंच वाचलं अन् शब्द उचलला.

फ्लॅटर म्हणजे बहुतेक वेळा मतलबानं, वाढवून केलेली स्तुती, मस्काच म्हणा. खऱ्या कामाचं कौतुक असंन तर प्रेझ. मात्र कोणी मान दिल्यावर 'आय ॲम फ्लॅटर्ड' म्हटलं तर त्यात वाईट काहीच नाही. ॲडमायर म्हणजे कोणाचं कौतुक वाटणं, ते मनातल्या मनातही होते, प्रेझ करायला तोंड उघडावं लागते.

प्रेझच्या मागं 'टू' लावू नका, मराठीतल्या 'मला'मुळं तो घुसते. 'शी प्रेझ्ड मी फॉर माय वर्क', बस. उच्चारही सांभाळा, प्राइस म्हणजे किंमत, प्राइझ म्हणजे बक्षीस, अन् हे तिन्ही शब्द लॅटिनच्या 'प्रेटियम' म्हणजे किंमत यातूनच आले. अप्रिशिएट म्हणजे कदर करणं, तोही त्याच घरातला, म्हणून तर रोडलगतच्या वावराचा भाव वाढला तरी इंग्रजीत लँड अप्रिशिएट झाली म्हणतात.

कॉम्प्लिमेंटच्या मधात 'आय' असंन तर तारीफ, 'ई' असंन तर पूरक, भाकरीला ठेचा असते तसं. ऐकायला दोन्ही जवळपास सारखेच, म्हणून लिहिताना भले भले फसतात.

आता अपमानाकडं. इथं मराठी जास्त कामी येते. कोणी म्हटलं 'दोन एकरात पिकवलं त्यात काय मोठं', तर ते बिलिटल, म्हणजे हिणवणं. चारचौघात पाणउतारा केला तर ह्युमिलिएट. डिग्रेडमध्ये लॅटिनचा 'ग्रेडस' म्हणजे पायरी आहे, माणसाला पायरीवरून खाली उतरवणं, अन् जमिनीचा कस गेला तरी हाच शब्द चालते, तिथं अपमानाचा काही संबंध नाही. इन्सल्ट नाम असंन तर जोर 'इन'वर, क्रियापद असंन तर 'सल्ट'वर.

क्रिटिसाइझला मागं 'ऑन' नको, 'ही क्रिटिसाइझ्ड द प्लॅन' एवढं पुरे. अन् दोष दाखवणं म्हणजे दरवेळी बदनामी नाही, हे मुलाखतीला जाणाऱ्यानं नक्की ध्यानात ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती जोडी कंडेम अन् कंडोन. पहिला निषेध करणं, दुसरा चुकीचं चालवून घेणं. 'वुई कंडोन द अटॅक' लिहिलं तं निषेधाच्या पत्रातच तुम्ही हल्ला पाठीशी घातला.

त्या पोरीनं ओळ बदलली, 'माय टीचर्स प्रेझ्ड मी फॉर माय हँडरायटिंग'. अर्ज सोमवारी पोस्टात पडला.