ब्लू बॅज: न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी अर्ज करताना
इंग्लंडमध्ये ३० ऑगस्ट २०१९ पासून नियम बदलले; ऑटिझम, डिमेन्शिया असलेल्यांनाही ब्लू बॅज, म्हणजे अपंगांना पार्किंगची सवलत देणारं ओळखपत्र, मागता येतो. आधी 'पिप' (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीचा सरकारी भत्ता) मिळत असेल तर त्याचं निर्णयपत्र काढा; त्यात निकषांनुसार गुण दिलेले असतात. चालण्याच्या निकषात ८ किंवा जास्त गुण असतील तर पात्रता आपोआप. अर्ज मात्र करावाच लागतो. प्रवासाच्या निकषात नेमके १०च हवेत, तेही तीव्र मानसिक त्रासामुळे बाहेर पडताच येत नाही म्हणून मिळालेले. १२ गुणवाल्यांची वेगळी तपासणी! हा उफराटा प्रकार आधी सुधारायला हवा.

तपासणीसाठी 'गर्दीत घाबरतो' एवढंच लिहून भागत नाही. गाडीतून उतरून दुकानापर्यंत जाताना काय होतं, कितीदा, सोबत कोण लागतं, ते सविस्तर लिहा. उपचार करणाऱ्यांचं पत्र जोडा. शुल्क कमाल १० पौंड. मुदत संपण्याआधी नव्याने अर्ज करा, नूतनीकरण आपसूक होत नाही.