मुळं आणि सहगुणक: सूत्र बरोबर होतं, उत्तर चुकलं

अक्ष² + बक्ष + क = ० या वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज म्हणजे उणे ब भागिले अ आणि गुणाकार म्हणजे क भागिले अ (अ, ब, क हे सहगुणक), एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. त्रिघाती आणि त्यापुढच्या समीकरणांत हीच चिन्हं आलटून पालटून येतात हेही माहीत असेलच. पहिल्या सहगुणकाने भागायला सगळेच विसरतात, दोनदा मार्क जातात, मग कुणी विसरत नाही. त्यावर वेळ घालवत नाही. मी ज्या खड्ड्यात पडले तिथे सूत्र चोख लागू केलं होतं.

प्रश्न साधारण असा होता: क्ष² − २म·क्ष + (म² + ३म − ३) = ० या समीकरणाची मुळं वास्तव आहेत, तर मुळांच्या वर्गांच्या बेरजेची किमान किंमत काढा. (आकडे मी आत्ता नव्याने घेतलेत, सापळा तोच.)

मुळांची बेरीज २म, गुणाकार म² + ३म − ३. वर्गांची बेरीज म्हणजे बेरजेचा वर्ग वजा गुणाकाराची दुप्पट: ४म² − २म² − ६म + ६, म्हणजे २म² − ६म + ६. पूर्ण वर्ग केला: २(म − १.५)² + १.५. किमान किंमत १.५. पर्यायांत १.५ होतंच. दोन मिनिटांत गोल काळा केला आणि पुढे गेले.

उत्तर २ आहे.

म = १.५ ठेवून समीकरण खरंच लिहून बघा. क्ष² − ३क्ष + ३.७५ = ०. विवेचक, म्हणजे ब² − ४अक (तो ऋण असला की वास्तव मुळं नसतात), ९ − १५ = −६. वास्तव मुळंच नाहीत! ज्या दोन मुळांच्या वर्गांची बेरीज मी ऐटीत १.५ काढली, ती संख्यारेषेवर कुठेच नाहीत. प्रश्नात ‘वास्तव’ हा शब्द होता, मी तो वाचलाही होता, पण शोभेचा समजून सोडून दिला. अट लावली की ४म² − ४(म² + ३म − ३) ≥ ०, म्हणजे १२ − १२म ≥ ०, म्हणजे म हा १ किंवा त्याहून कमी. १.५ त्या हद्दीच्या बाहेर. हद्दीच्या आत ती राशी सर्वात लहान होते म = १ ला, आणि तिथे २ − ६ + ६ = २. पडताळा सोपा आहे: म = १ ला समीकरण क्ष² − २क्ष + १ = ०, दोन्ही मुळं १, वर्गांची बेरीज २.

आता सूत्राने मला थांबवलं का नाही? मला हे कळायला फार वेळ लागला, म्हणून जरा रेंगाळते. सूत्र येतं कुठून? मुळांना अल्फा आणि बीटा म्हणून (क्ष − अल्फा)(क्ष − बीटा) हा गुणाकार उलगडून. त्या उलगडण्यात अल्फा-बीटा वास्तव असावेत अशी अट कुठेच लागत नाही. वरच्या उदाहरणात मुळं १.५ अधिक आणि वजा √−१.५ अशी आहेत. बेरीज केली की तो विचित्र भाग कापला जातो, ३ उरतात. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज केली तर २(२.२५ − १.५) = १.५. म्हणजे सूत्र खोटं बोललं नाही. मुळं संमिश्र (ऋण संख्येचं वर्गमूळ असलेली) आहेत हे त्याने सांगितलं नाही, इतकंच. कारण ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

गंमत म्हणजे व्हिएत हा फ्रेंच वकील (१५४०–१६०३), ज्याच्या नावाने ही सूत्रं ओळखली जातात, तो फक्त धन मुळांचाच विचार करत होता. ‘अशक्य’ मुळंही मोजली पाहिजेत हे अल्बेर झिरारने १६२९ मध्ये मांडलं. तेव्हा पहिल्यांदा गोंधळलात तर लाज बाळगू नका. हे सगळं एका बैठकीत कुणालाच सुचलेलं नाही.

हाच खड्डा दुसऱ्या वेषातही भेटतो. ‘दोन्ही मुळं धन आहेत’ असं म्हटलं की आपण बेरीज धन, गुणाकार धन एवढं लिहून मोकळे. क्ष² − २क्ष + ५ = ० मध्ये बेरीज २, गुणाकार ५, दोन्ही धन. विवेचक −१६. विवेचक ऋण नसावा ही तिसरी अट हवीच.

आता थोडं मनातलं. एका क्लासमध्ये आम्हाला मुळांच्या पाचव्या घातापर्यंतच्या सूत्रांचा तक्ता दिला होता, ‘फक्त पाठ करा’ म्हणून. मी केला. आज त्यातलं एकही आठवत नाही. खरं तर काही पाठ करायची गरज नसते. प्रत्येक मूळ समीकरणात बसतं, म्हणून पुढच्या घातांची बेरीज = मुळांची बेरीज × आधीची, वजा मुळांचा गुणाकार × त्याच्या आधीची. क्ष² − ३क्ष + १ = ० घ्या. शून्य घाताला २, कारण दोन्ही मुळांचा शून्य घात १ (इथे १ लिहिणारे खूप!), पहिल्याला ३, मग ७, १८, ४७, १२३. पाचव्या घातापर्यंत पोचलो, तक्त्याशिवाय.

मला ज्यांच्याकडून खरं शिकायला मिळालं ते सर शंका विचारली की उत्तर देत नसत, ‘मुळं माहीत असलेलं समीकरण घेऊन ये’ म्हणत. तेव्हा राग यायचा. पण सवय लागली. १, २, −३ ही मुळं घेऊन तिन्ही कंस स्वतः गुणा: क्ष³ − ७क्ष + ६. वर्गाचं पद गायब, कारण बेरीज शून्य. दोन-दोनच्या गुणाकारांची बेरीज −७. वर्गांची बेरीज सूत्राने ० + १४, हाताने १ + ४ + ९. जुळलं. त्रिघाती समीकरणात गायब पदाचा सहगुणक शून्य धरायचा हे मला अशा पडताळ्याने कळलं, वहीतल्या लाल चौकटीने नाही.

आणि वर्गांची बेरीज ऋण आली तर घाबरून खोडू नका. सहगुणक वास्तव असताना क्ष³ + २क्ष² + ३क्ष + १ = ० मध्ये ती ४ − ६ = −२ येते, याचा सरळ अर्थ सगळी मुळं वास्तव नाहीत. उलट मात्र चालत नाही. १.५ धन होतं, तरी मी फसलेच.

विवेचक तपासायचा कंटाळा येणारच, मलाही येतो. एकच सवलत मी घेते. वर्गसमीकरणात सहगुणक वास्तव असून मुळांचा गुणाकार ऋण असला की अ आणि क यांची चिन्हं विरुद्ध, मग ब² − ४अक धनच, मुळं आपोआप वास्तव. सुरुवातीच्या म असलेल्या समीकरणात मुळांच्या गुणाकाराची किमान किंमत विचारली असती तर म = −१.५ ला −५.२५ आली असती, आणि तिथे विवेचक न काढताही उत्तर बरोबर होतं.