हरित इमारतीचा जादा खर्च कसा तपासावा

हरित इमारत, म्हणजे वीज आणि पाणी कमी लागेल अशी बांधलेली इमारत, किती महाग पडते, असे विचारण्याआधी ती कोणत्या इमारतीच्या तुलनेत महाग, हे ठरवून घ्यावे. ही तुलना पक्की नसली की अंदाज भरकटतात. वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या 2007 मधील पाहणीत बांधकाम आणि मालमत्ता क्षेत्रातील मंडळींनी जादा खर्च सरासरी 17 टक्के सांगितला होता, तर प्रत्यक्षातील फरक सुमारे 5 टक्के असल्याचे त्याच अहवालात म्हटले होते. अर्थात सरासरीवरून आपल्या इमारतीचा आकडा काढता येत नाही. त्यासाठी वास्तुविशारदाकडून एकाच क्षेत्रफळाची आणि एकाच दर्जाची दोन अंदाजपत्रके मागावीत, एक नेहमीच्या बांधकामाचे आणि दुसरे हरित बांधकामाचे, आणि ती ओळीशी ओळ लावून वाचावीत.

वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की सर्वांत उपयोगी निर्णयांपुढे बहुधा रक्कमच नसते. इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला, खिडक्या कोठे आणि केवढ्या, हे नकाशावर ठरते. नकाशा मंजूर झाल्यावर तेच साधायचे म्हटले तर महागडी काच आणि जादा यंत्रे आणावी लागतात आणि मग ‘हरित म्हणजे महाग’ असा बोभाटा होतो.

पश्चिमेच्या खिडकीचेच पाहा. मावळतीचे ऊन तिरपे आत शिरते, त्यामुळे आडवा छज्जा तेथे फारसा कामाचा नाही; उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून बंद होणाऱ्या झडपा लागतात. त्यांचा खर्च अंदाजपत्रकात लगेच दिसतो. मात्र ऊन काचेपर्यंत पोहोचलेच नाही, तर वातानुकूलन यंत्राची क्षमता आणि काही वेळा त्याच्या केबलची जाडीही कमी करता येते, आणि ही बचत दुसऱ्याच पानावर असते. वातानुकूलनाच्या सल्लागाराला झडपांची कल्पना नसेल, तर तो नेहमीच्याच क्षमतेचे यंत्र लिहितो आणि मालक दोन्हींचे पैसे मोजतो. माझ्या मते जादा खर्चाच्या तक्रारींत हे कारण जितके तपासायला हवे तितके तपासले जात नाही.

पावसाच्या पाण्याचा हिशेब मात्र सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. 100 चौरस मीटर छतावर 20 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तर 1,600 लिटर हाती येते. टाकी केवढी हवी हे दोन पावसांतील कोरड्या दिवसांवर आणि रोजच्या वापरावर ठरते, आणि खर्च प्रामुख्याने टाकीचाच असतो.

सौर पॅनेलच्या बाबतीत खर्च भागिले वार्षिक बचत एवढ्यावर थांबू नये. 60 रुपयांची वस्तू वर्षाला 12 रुपये वाचवत असेल, तर पाच वर्षांत पैसे वसूल, हे गणित बरोबरच आहे. परंतु पॅनेल 25 वर्षे चालले तरी त्याची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मध्येच बदलावा लागतो, आणि धुळीने माखलेले पॅनेल कमी वीज देते. बदली, सफाई आणि देखभाल यांसह इमारतीच्या पूर्ण आयुष्याचा खर्च मांडल्यावरच पर्यायांची तुलना खरी होते.

इमारत हरित असल्याच्या प्रमाणपत्राचा खर्च वेगळ्या ओळीत लिहावा. नोंदणी, सल्लागार आणि कागदपत्रे यांचे पैसे इमारतीत दिसत नाहीत. हरित इमारतींना गुण देणाऱ्या ‘लीड’ या अमेरिकी पद्धतीत एकूण 110 गुण असून 40 गुणांवर प्रमाणपत्र आणि 80 गुणांवर प्लॅटिनम ही सर्वोच्च श्रेणी मिळते. गुणांची ही शिडी चढताना स्वस्तात मिळणारा गुण आधी वेचण्याचा मोह होतो, मग त्याने विजेचे बिल कमी होवो अथवा न होवो. भाडेकरू किंवा कर्ज देणारी संस्था प्रमाणपत्र मागत नसेल, तर तोच पैसा छताच्या उष्णतारोधक थरावर घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

करार करताना आणखी एक कलम घालून घ्यावे: सर्व यंत्रणा चालवून तपासल्याखेरीज शेवटचा हप्ता द्यायचा नाही, आणि पहिल्या वर्षाची वीज-पाण्याची बिले मूळ अंदाजाशी ताडून पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात नावानिशी नमूद असावे.