सी ची लायब्ररी सांभाळताय? आधी फेल होणारी टेस्ट, मग फिक्स

रावेरला एका दोस्ताच्या केळीच्या बागेत सेन्सर लावलेत, त्यांचा डेटा वाचायला मी सी या प्रोग्रामिंग भाषेत छोटीशी लायब्ररी लिहिली, जळगावात माझ्या लॅपटॉपवर मस्त चालायची आणि त्याच्या रास्पबेरी पायवर (एआरएम चिपचा छोटा कॉम्प्युटर) टाकली की मधूनच तापमान २५५ दाखवायची. आपल्याकडे मे मध्ये ४५ होतं हे मान्य, पण २५५ ला तर बागेचं भरीत होईल ना भो.

भानगड अशी की सेन्सरची वायर निघाली की मायनस एक यायचा आणि तो मी साध्या कॅरमध्ये (सी मधला एका बाइटचा टाइप) ठेवलेला. इंटेलच्या लॅपटॉपवर कॅर साइन्ड (मायनस आकडेही ठेवणारा) असतो, एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड (शून्य आणि त्यावरचेच), म्हणून तिकडे मायनस एकचा २५५ झाला आणि "शून्यापेक्षा कमी तर एरर" ही अट कधी खरीच होईना. सी च्या स्टँडर्डनेच हे मोकळं सोडलंय, त्यामुळे कंपायलरला शिव्या देऊन उपयोग नाही. कॅर फक्त अक्षरांसाठी ठेवा, आकड्याला स्टँडर्ड इंट हेडरमधला ८ बिटचा साइन्ड टाइप घ्या.

पण लगेच कोडला हात लावू नका. आधी हाच घोळ पकडणारी टेस्ट लिहा. जीसीसी कंपायलरला कॅर अनसाइन्ड करायचा फ्लॅग आहे, तो दिला की लॅपटॉपवरच टेस्ट फेल होते, रावेरला चक्कर मारायला लागत नाही. फेल झालेली डोळ्याने बघितली की मग फिक्स करा, आणि ती टेस्ट कायमची ठेवा. माझ्या सगळ्या टेस्ट आता साइन्ड आणि अनसाइन्ड दोन्हीवर चालतात.

दुसरं, पॅकेटमध्ये लिहिलेल्या लांबीवर विश्वास ठेवू नका. पॅकेट म्हणतं ४० बाइट आणि आलेत १२, तर तुमचा कोड पुढची कुणाचीतरी मेमरी वाचत बसतो, २०१४ चा हार्टब्लीड (ओपनएसएसएल लायब्ररीतला गाजलेला बग) हाच प्रकार होता. टेस्ट सोपी आहे: एक बरोबर पॅकेट घ्या, ते शून्य बाइटपासून एकेक बाइट वाढवत कापून द्या, आणि दरवेळी मॅलॉकने (मेमरी मागायचं फंक्शन) तेवढीच जागा घ्या. बरेच जण इथेच चुकतात, २५६ चा मोठा बफर घेतात, मग कोड १२ च्या पुढे गेला तरी बफरच्या आतच राहतो आणि ॲड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरची मेमरी वाचली की ओरडणारं कंपायलरचं टूल) गप्प बसतो.

सॅनिटायझर लावून एक बिल्ड आणि वॅलग्रिंडसाठी (मेमरीच्या चुका शोधणारं दुसरं टूल) वेगळं साधं बिल्ड ठेवा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. वॅलग्रिंड जाम हळू आहे, लावा आणि चहा पिऊन या.

आणि हेडरमधल्या उघड्या स्ट्रक्टमध्ये (अनेक फील्डचा एकत्र गठ्ठा) मधेच फील्ड घुसवू नका, जुने प्रोग्राम जुन्याच मापाने वाचतात. स्ट्रक्ट सी फाइलमध्ये लपवा, बाहेर फक्त पॉइंटर द्या. उघडं ठेवून बदललंच तर शेअर्ड लायब्ररीचा मेजर नंबर वाढवा म्हणजे जुना प्रोग्राम नव्या फाइलला चिकटणारच नाही.