गो कंपाइलरचा सोर्स कोड वाचायला बसण्याआधी एवढं तपासा

गो या प्रोग्रामिंग भाषेत थोडंफार काम केलं की कधी ना कधी भाषेचाच सोर्स कोड उघडून बघावासा वाटतो. तो खुला आहे आणि बहुतांश गोमध्येच लिहिलेला आहे. रिपॉझिटरी क्लोन करायची, ‘एसआरसी’मध्ये जाऊन ‘मेक.बॅश’ चालवायचं, की पूर्ण टूलचेन, म्हणजे कंपाइलर आणि त्याच्या जोडीची टूल्स, तयार. फक्त मशीनवर आधीची एखादी गो असावी लागते, उदाहरणार्थ गोची १.२४ ही आवृत्ती बिल्ड करायला किमान १.२२.६ लागते. इथवर सहसा कुणी अडत नाही. खरा सापळा पुढे आहे, आणि त्यात सापडल्यावर एकही एरर येत नाही. म्हणून तो सविस्तर सांगते.

‘एसआरसी’मध्ये ‘गो’ नावाचा फोल्डर आहे. त्यात ‘पार्सर’ (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा), ‘एएसटी’ (त्या रचनेचं झाड), ‘टाइप्स’ अशी पॅकेजेस आहेत. नावं बघून कोणालाही वाटेल की कंपाइलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, यांचाच बनलेला आहे. डॉक्युमेंटेशनही छान आहे. मी तिथेच बसले, एकेक फंक्शन वहीत उतरवून काढलं. कंपाइलर यातलं जवळजवळ काहीच वापरत नाही! त्याचा पार्सर आहे ‘सीएमडी/कंपाइल/इंटर्नल/सिंटॅक्स’मध्ये, आणि टाइप तपासण्याचं काम शेजारच्या ‘टाइप्स२’मध्ये होतं.

एकाच भाषेचे दोन पार्सर का? कारण गो २००९मध्ये जाहीर झाली तेव्हा कंपाइलर सी भाषेत होता. गोफम्टसारख्या (कोडची मांडणी नीट करून देणाऱ्या) टूल्सना मात्र गोमध्येच पार्सर हवा होता, म्हणून ‘गो/पार्सर’ वेगळा वाढला. २०१५मध्ये १.५ आली, कंपाइलरचा सी कोड एका प्रोग्रामने गोमध्ये उतरवला गेला, पण दोन वाटा दोनच राहिल्या. आपल्यापैकी अनेकांच्या जर्नलमध्ये लेक्स-याकची, म्हणजे ग्रामर फाइलवरून पार्सर तयार करून देणाऱ्या टूल्सची, प्रॅक्टिकल्स असतात, त्यामुळे हात आपोआप याकची ग्रामर फाइल शोधायला जातो. तीही मिळणार नाही. १.६पासून पार्सर हाताने लिहिलेला आहे.

‘गो’ फोल्डरमधली पॅकेजेस कंपाइलर जवळजवळ वापरत नाही, हे ‘सीएमडी/कंपाइल’च्या रीडमीमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तो रीडमी आधी वाचा. मग कोड. उलटं करू नका.

आणि वाचूनही विश्वास ठेवू नका, करून बघा. ‘गो/पार्सर’मध्ये पार्सइफस्टेटमेंट नावाचं फंक्शन आहे आणि ‘सिंटॅक्स’मध्ये इफस्टेटमेंट, कोडमध्ये स्टेटमेंट हा शब्द दोन्हीकडे आखूड करून लिहिलाय. दोन्ही ठिकाणी पहिल्या ओळीत वेगवेगळा मजकूर छापणारी प्रिंटएलएन टाका. ‘गो इन्स्टॉल सीएमडी/कंपाइल’ करा. मग कोणताही इंपोर्ट नसलेली, एकच इफ असलेली छोटी फाइल ‘गो टूल कंपाइल’ला द्या. स्क्रीनवर फक्त ‘सिंटॅक्स’मधली ओळ येईल. आता गोफम्ट पुन्हा बिल्ड करून तीच फाइल त्याला द्या, की ‘गो/पार्सर’मधली ओळ येईल. या सगळ्यात क्लोन केलेल्या फोल्डरमधलीच ‘बिन/गो’ वापरा. टर्मिनलमध्ये नुसतं ‘गो’ टाइप केलं तर बहुतेक वेळा आधी इन्स्टॉल केलेली गो चालते, आणि आपला बदल कुठे गेला ते कळत नाही.

नावांवरूनही ओळखता येतं. पार्सर कोडचं जे झाड बनवतो त्यातल्या नोडचं नाव आयडेंट किंवा बायनरीएक्सप्रेशन अशा धर्तीचं दिसलं तर तुम्ही ‘गो/एएसटी’मध्ये आहात, नेम किंवा ऑपरेशन दिसलं तर कंपाइलरच्या ‘सिंटॅक्स’मध्ये. एआय टूलला कंपाइलरबद्दल विचारलंत तर उत्तरात कोणती नावं आलीत ते आधी बघा. दोन्हीकडची नावं एकाच परिच्छेदात आली असतील तर ते उत्तर सरळ टाकून द्या. ‘दोन तासांत कंपाइलर’ छापाच्या व्हिडिओंबद्दल माझं मत वाईट आहे. लेक्सर, पार्सर, कोडजेन अशा तीन चौकटी पाठ होतात, पण खऱ्या रिपॉझिटरीत कोणती फाइल उघडायची हे कोणी सांगत नाही.

याच सापळ्याचा सख्खा भाऊ म्हणजे जनरेटेड, म्हणजे प्रोग्रामने तयार केलेल्या, फाइल्स. कंपाइलरच्या ‘एसएसए’ फोल्डरमध्ये (एसएसए म्हणजे मशीन कोडच्या आधीचं कोडचं मधलं रूप) ‘रीराइटएएमडी६४.गो’ नावाची अवाढव्य फाइल आहे. ती बघून घाबरायचं कारण नाही, ती कुणी हाताने लिहिलेली नाही. मूळ नियम ‘_जेन’मधल्या ‘एएमडी६४.रूल्स’मध्ये आहेत आणि ते वाचायला बरेच सोपे आहेत. ‘गो/टाइप्स’मधल्याही अनेक फाइल्स आता ‘टाइप्स२’वरून तयार होतात. डोक्यावर ‘डू नॉट एडिट’ लिहिलेलं असेल तर तिथे केलेली दुरुस्ती पुढच्या जनरेशनला पुसली जाणार. फाइल उघडली की पहिल्या ओळी बघायच्या, ही सवयच लावून घ्या.

मेंटॉर नाही म्हणून थांबलेली खूप हुशार मुलं मी पाहिली आहेत. माझा तरी या ‘आधी मेंटॉर शोधा’ सल्ल्यावर विश्वास नाही. एखादी ओळ कळत नसेल तर गिट ब्लेम करा, ती कोणत्या कमिटमधून आली ते कळतं. कमिटच्या शेवटी ‘रिव्ह्यूड-ऑन’ अशी ओळ असते, तिच्यातून थेट गेरिटवरच्या, म्हणजे गोच्या कोड रिव्ह्यूच्या साइटवरच्या, चर्चेत जाता येतं. ज्यांनी तो कोड लिहिला त्यांनाच रिव्ह्यूअरने काय विचारलं, कोणती सूचना मान्य झाली, कोणती नाही, हे सगळं तिथे आहे. सिनिअर माणसाकडे तुमच्यासाठी एवढा वेळ नसतो.

कंपाइलरचा अनुभव नाही, कॉलेज नावाजलेलं नाही, इंग्रजी अडखळतं, हे सगळं मलाही छळायचं. अजूनही रिव्ह्यूला पाठवताना पोटात गोळा येतो. पण गेरिटवर तुमची मार्कशीट कोणी मागत नाही. सीएलएवर (योगदानाच्या परवान्याचा करार) सही लागते, कमिटच्या पहिल्या ओळीत आधी पॅकेजचं नाव लागतं, आणि टेस्ट लागतात. कोणी ‘हे नको’ म्हणालं तर ते बदलाबद्दल असतं, तुमच्याबद्दल नाही.

सुरुवात कंपाइलरच्या पोटातून करू नका. ‘गो-एसएसए-फंक’ (जोडून, कॅपिटल अक्षरांत) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फंक्शनचं नाव देऊन बिल्ड करा, ‘एसएसए.एचटीएमएल’ तयार होते. तिच्यात तुमचाच कोड टप्प्याटप्प्याने मशीनपर्यंत कसा उतरतो ते दिसतं. ती रोज बघा. आणि पहिलं योगदान डॉक्युमेंटेशनचं असू द्या. गोमध्ये त्याला कमी लेखायचं कारण नाही, कारण नावाची सुरुवात ‘एक्झाम्पल’ने होणारं फंक्शन लिहून खाली ‘आउटपुट’ची कमेंट दिली की ‘गो टेस्ट’ ते खरोखर चालवून पडताळतं, आणि पॅकेजच्या पानावरही तेच दिसतं.

तारखांकडे मात्र लक्ष ठेवा. रिलीज फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात, आणि त्याआधीचे साधारण तीन महिने फ्रीझ असतो. त्या काळात नव्या सुविधेचा बदल पाठवला तर तो नुसता पडून राहतो आणि नवखा माणूस समजतो की आपल्याला नाकारलं. बग दुरुस्त्या आणि डॉक्युमेंटेशन तेव्हाही घेतात.